महिपतरावांची राजमृत्तिकापेटिका

स्वयंपाकघराला खिडकी पाडायची, एवढंच मुळात ठरलं होतं. हे महिपतराव पुढे कितीतरी दिवस विचारणाऱ्याला आणि न विचारणाऱ्यालाही सांगत असत. खिडकी, धूर जाण्यापुरती. रंभाबाईंनी ती लग्न झाल्यापासून मागितली होती आणि महिपतरावांनी लग्न झाल्यापासून तिच्यावर विचार चालवला होता. विचार करणारेच गृहस्थ ते. एका गिरणीच्या हपिसात वरिष्ठ कारकून होते, म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेल्या कागदाखाली बारीक सही करत. वर्षानुवर्षं बारीक सही केली की माणसाला आपण या जगात उगीच आलेलो नाही असं वाटू लागतं. महिपतरावांना तसं फार वाटे.

त्यातून त्यांचे मोहोळचे साडू धोंडीराम यांना सरकारने रावसाहेब केलं. का केलं? सोलापुरातल्या मार्शल लॉच्या गडबडीत एका गोऱ्या अंमलदाराची मोटार ओढ्यात रुतली आणि धोंडीरामांनी आपली बैलजोडी लावून ती वर काढली म्हणून. "मग पदवी बैलांना द्यायची," असं महिपतराव म्हणत, पण ते घरात आणि दार लावून. तेव्हापासून सासुरवाडीच्या पंगतीत धोंडीरामांना चांदीचं ताट आणि महिपतरावांना पत्रावळ, आणि तीही वाढप्यांच्या वाटेवर, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याच्या धोतराचा सोगा आमटीत. हा घाव फार खोल गेला होता. आपणही रावसाहेब झाल्याशिवाय सासुरवाडीचा उंबरा ओलांडायचा नाही, असा त्यांनी मनाशी पण केला होता. कुणी बोलावलंही नव्हतं, हा भाग निराळा.

तर खिडकी. बाळीवेशीच्या आतल्या बोळातलं त्यांचं घर साधं, मातीच्या भिंतींचं, वर मातीचंच सपाट माळवद. गवंडी सिदू याने स्वयंपाकघराच्या भिंतीत पहार घातली आणि आतून एक बुजवलेला कोनाडा निघाला. कोनाड्यात भाकरीएवढं, जाड, काळपट असं काही उभं करून ठेवलेलं होतं.

"गोवरी हाय, मालक," सिदू म्हणाला आणि ती खाली टाकली. टाकल्याबरोबर तिचा एक थर पापुद्र्यासारखा सुटून भुगा झाला आणि आतून पिवळ्या मोहरा घरभर घरंगळल्या. जुन्या, फार्सी अक्षरांच्या, अस्सल सोन्याच्या मोहरा. उरलेल्या थरात प्रत्येक मोहरेचा गोल खळगा जसाच्या तसा उठलेला होता.

रंभाबाई मोहरा वेचायला खाली बसल्या. महिपतरावांची आत्या बजाबाई लहानपणापासून त्यांच्यावर देखरेख ठेवून होती आणि अजून ते काम तिने सोडलं नव्हतं. तिने आधी गोवरीचा वास घेतला.

"शेणच हाय. पेंढाऱ्यांच्या टायमाला लोक असंच दडवायचे. लुटारू काय गोवऱ्या लुटतोय व्हय? लई शानी असंल ती बाई."

"आत्या, तुला काही कळत नाही," महिपतराव म्हणाले. "सोनं कधी कुणी शेणात ठेवतं का?"

त्यांचंही बरोबर होतं. घराण्याच्या भिंतीत सोनं सापडलं, म्हणजे घराणं थोर निघालं. थोर घराणं आणि शेण यांची सांगड त्यांना घालता येईना. शिवाय त्या वस्तूच्या दुसऱ्या अंगावर पाच बोटांचा ठसा होता. तो पाहिल्याबरोबर महिपतरावांच्या अंगावर काटा आला. जुने बादशहा चंदनात हात बुडवून फर्मानावर पंजा उठवत, हे त्यांनी एका व्याख्यानात ऐकलं होतं. व्याख्यान अर्धं झाल्यावर ते झोपले होते, पण पंजापर्यंत जागे होते.

"हा शाही पंजा आहे," ते गंभीरपणे म्हणाले. "ही राजमृत्तिकापेटिका आहे."

रंभाबाईंनी पुढे होऊन आपला हात त्या ठशावर ठेवला. बोटाला बोट बसलं. ओंजळभर शेण घेऊन भिंतीवर थापणारा बाईचा हात शंभर वर्षांपूर्वी जेवढा होता तेवढाच आज होता, यात नवल काहीच नव्हतं. पण महिपतरावांनी रंभाबाईंकडे असं पाहिलं, की त्यांनी हात काढून घेतला.

सोलापुरात जन्मलेल्या माणसाला गोवरी ओळखायला पंडित लागत नाही. गल्लीत सगळ्यांनी ती ओळखली, आणि ओळखूनही प्रत्येकाने वेगळा सल्ला दिला. शेजारचे नागप्पा मूळचे दुधनीचे, गुळाचे व्यापारी. त्यांना जगातली प्रत्येक गोल वस्तू आधी ढेप वाटे. त्यांनी चाखून पाहिली, थुंकले आणि म्हणाले, "गूळ नव्हे. सोनं मुकाट ठेवून घ्या, राव, आणि हे चुलीत घाला." त्यांच्या मागून त्यांची बायको गौरम्मा ओरडली, "अय्यो, जाळू नका हं! जुनं शेण लई चांगलं." कशाला चांगलं ते त्या वेळी कुणी विचारलं नाही. पलीकडच्या घरातून कुणी सांगितलं की सरकारला कळवा, नाहीतर बेड्या पडतील. कुणी सांगितलं की कळवलंत तरी पडतील. महिपतरावांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि सरकारला कळवलं. सोलापुरात त्या दिवसांत सरकारला नकोशी अशी एकही गोष्ट करायला माणूस धजत नसे, आणि महिपतराव तर हवीशीच करायच्या शोधात होते.

कचेरीतला कारकून झोपाळू होता. पंचनामा झाला. मोहरा मोहोरबंद होऊन खजिन्यात गेल्या. निकाल लागेपर्यंत भिंतीच्या भोकाला हात लावायचा नाही, असा हुकूम झाला. म्हणजे खिडकी नाही आणि भिंतही नाही. त्या भोकातून आता वीतभर सांदीपलीकडच्या खिडकीतलं नागप्पांचं स्वयंपाकघर दिसे आणि त्यांना महिपतरावांचं. इकडच्या आमटीला तिकडून मीठ कमी असल्याचे निरोप येऊ लागले.

पेटिका मात्र सरकार घेईना.

"हे जळण आहे," कारकून वास घेऊन म्हणाला. "खजिन्यात जळाऊ पदार्थ ठेवायला मनाई आहे."

"ही राजमृत्तिकापेटिका आहे."

"पेटेल का?"

"पेटवून कशी पाहणार?"

"मग जळण नाही हे सिद्ध कसं होणार?"

महिपतराव मेजामागून मेज फिरले. जंगलखात्याच्या मेजावर कळलं की शेण जंगलात मोडत नाही. जनावरांच्या मेजावर विचारण्यात आलं की गाय कुठे आहे. गाय शंभर वर्षांपूर्वी मेली असावी असं सांगितल्यावर, मेलेल्या जनावरांचा अर्ज वेगळा असतो आणि तो मेल्यावर लगेच करायचा असतो, अशी माहिती मिळाली. शेवटी रेशमी रुमालात गुंडाळलेली ती गोवरी छातीशी धरून महिपतराव भर उन्हात घरी चालत आले. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाने आत काय आहे ते विचारलं. त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, आणि प्रत्येकजण सभ्यपणे कोपऱ्यापर्यंत गेला आणि मग हसला.

पण दैव एवढ्यावर थांबणारं नव्हतं. पुण्याला जुन्या नाण्यांचा अभ्यास करणारी एक साहेबलोकांची मंडळी होती, तिला महिपतरावांनी इंग्रजीत कळवलं. मंडळीचे अध्यक्ष व्हिटलॉकसाहेब, गव्हर्नरांच्या पंक्तीला बसणारे. त्यांचं उलट उत्तर आलं. अशा मोहरा आपण पोत्याने पाहिल्या आहेत, त्यांत राम नाही. पण मोहरा ज्यात घालून ठेवल्या ते मूळ वेष्टन खळग्यांसकट शाबूत असेल, तर ती अपूर्व वस्तू होय. आपण जातीने येतो. वस्तू मंडळीला भेट मिळाल्यास दात्याचं नाव योग्य ठिकाणी कळवण्यात येईल.

योग्य ठिकाणी! महिपतरावांनी ते दोन शब्द रंभाबाईंना पुन्हा पुन्हा वाचून दाखवले. मग मोहरांचं काय, असं रंभाबाईंनी विचारलं. त्यांच्या मनात माळ होती. महिपतराव म्हणाले, "मोहरासुद्धा देणार. एकदा रावसाहेब झाल्यावर माळ काय करायची आहे?" दुसऱ्या दिवशी भाकरी जरा करपली होती.

वस्तू सुरक्षित कुठे ठेवायची? महिपतरावांनी ती देवघरात चौरंगावर ठेवली आणि वर शेला पांघरला. तिला कुणी हात लावायचा नाही, असं त्यांनी बजावलं. आणि घात झाला तो इथे. बजाबाई आतापर्यंत त्या वस्तूला गोवरी म्हणत होती आणि तिच्या लेखी ती भिंतीतली अडगळ होती. पण देवघरात बसलेली वस्तू वेगळी. बजाबाई रोज तिला फूल वाहू लागली, आणि देवापुढे ठेवलेलं ते देवाचं झालं, ही गोष्ट तिला कुणी शिकवायची गरज नव्हती.

शिवरात्र आली. नागप्पांच्या घरी शिवरात्रीला विभूती करायची रीत होती. देशी गाईच्या शेणाच्या गोवऱ्या साळीच्या तुसात जाळायच्या, राख वस्त्रगाळ करायची, दुधात कालवून तिचे गोळे करायचे आणि वर्षभर कपाळाला लावायचे. गौरम्माने भोकातून तोंड घालून बजाबाईला विचारलं, "आत्याबाई, गोवऱ्या कमी पडल्या की. हाय का चांगली?"

चांगली! गिरण्यांचा धूर ज्या हवेला लागला नव्हता त्या काळातली गाय, इंग्रज यायच्या आधीचा चारा, आणि वर देवघरात पूजलेली! बजाबाईला वाटलं, याहून चांगली ती देवाच्या कामी कशी यायची? तिने शेला घडी करून ठेवला आणि राजमृत्तिकापेटिका भोकातून पलीकडे दिली.

महिपतरावांना यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बजाबाईने त्यांच्या कपाळावर विभूतीचे तीन पट्टे ओढले तेव्हा ते खूश होऊन म्हणाले, "यंदाची विभूती फार मऊ उतरली हो."

रंभाबाईंना मात्र दुपारी देवघर झाडताना रिकामा चौरंग दिसला आणि कपाळावरची राख कशाची ते कळलं. नवऱ्याला त्यांनी कळू दिलं नाही. पदवी जाणार म्हणून त्यांना वाईट वाटलं असं नव्हे. पण पदवी गेल्यावर हा माणूस घरात बसून राहणार आणि आपल्याला त्याच्याबरोबर राहावं लागणार, याचा त्यांनी विचार केला. त्यांनी शेण आणलं, तुसात मळलं, एक अंग बोटांसकट झकास थापलं आणि दुसऱ्या अंगाला खळगे पाडायला घेतले. मोहरा होत्या सरकारच्या खजिन्यात. त्यांनी घरखर्चाच्या डब्यातले कलदार रुपये घेतले आणि ते ओल्या शेणात दाबले. रंभाबाईंना कुठलंही काम वरवर करायची सवय नव्हती. त्यांनी रुपये चांगले अंगठ्याने दाबले. सोलापूरच्या उन्हाने माळवदावर बाकीचं काम केलं. मग थोडी चुलीची काजळी लावली आणि चौरंगावर ठेवून वर शेला पांघरला.

व्हिटलॉकसाहेब आले ते पुस्तकातलं मराठी बोलत आले. बरोबर कचेरीतला तोच झोपाळू कारकून, मोहरांची थैली घेऊन. बोळ माणसांनी भरला. चौरंग अंगणात मांडला होता, आणि नागप्पा नि गौरम्मा भिंतीच्या भोकातून, स्वयंपाकघराच्या उघड्या दारातून पाहत होते. महिपतरावांनी हपिसचा कोट घातला होता. कपाळावर विभूतीचे पट्टे होते. त्यांनी शेला असा बाजूला केला, जसा पडदाच उघडला.

"फारच सुंदर," साहेब म्हणाले. त्यांनी बोटांच्या ठशावरून बोट फिरवलं. "स्त्रीचा हात आहे."

"राणीसाहेब असाव्यात," महिपतराव म्हणाले.

साहेबांनी वस्तू उलटली. खळगे पाहिले. खिशातून भिंग काढलं. एका खळग्यात पाहिलं, दुसऱ्यात पाहिलं, आणि मग भिंग पुसून पुन्हा पहिल्यात पाहिलं. महिपतरावांना त्या क्षणी आपल्या नावामागे 'रावसाहेब' असं लिहिलेलं स्वच्छ दिसत होतं.

"ह्या गृहस्थांना दाढी आहे," साहेब म्हणाले. "आणि डोक्यावर मुकुट आहे. हे आमचे बादशहा आहेत. पेंढाऱ्यांच्या काळी ते जन्मले नव्हते."

कारकून खडबडून जागा झाला. त्याने वाकून पाहिलं आणि त्याचा आवाजच बदलला. "बादशहांचा मुखवटा शेणात! आणि एक नाही, सगळ्या खळग्यांत! हे कुणी केलं?"

भोकातून नागप्पांचं डोकं नाहीसं झालं. आज हे हसायला ठीक आहे, पण त्या दिवसांत, त्या गावात, टोपीचा रंग पाहूनही माणसाला आत घातलेलं लोकांनी पाहिलं होतं. महिपतरावांनी वस्तूकडे पाहिलं, मग रंभाबाईंकडे पाहिलं. रंभाबाई दारात उभ्या होत्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता आणि त्या बोलायला तोंड उघडत होत्या. महिपतराव मूर्ख असले तरी एवढे नव्हते. त्यांना सगळं कळलं.

"मी," ते म्हणाले.

आयुष्यात विचार न करता त्यांनी उच्चारलेला हा एकच शब्द. तो बाहेर पडल्याबरोबर रावसाहेबी गेली, गिरणीतली नोकरी गेल्यात जमा झाली आणि डोळ्यांपुढे बेड्या दिसू लागल्या. शब्द परत घ्यावासा त्यांना फार वाटला. पण माणसं ऐकत होती, आणि माणसांसमोर शब्द मागे घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

"तुम्ही गोवरी थापलीत?" कारकून म्हणाला. "थापून दाखवा."

शेण आणायला सिदूला पाठवावं लागलं नाही. गौरम्माने भोकातून घमेलं पुढे केलं. महिपतराव हपिसच्या कोटात, उकिडवे, अंगणात बसले. त्यांनी दोन बोटांनी शेण उचललं. ते गळालं. मूठभर घेतलं आणि डोळे मिटून भिंतीवर मारलं. ते क्षणभर तिथे राहिलं आणि सावकाश खाली आलं, त्यांच्या बुटावर.

"पानी लई झालं," रंभाबाईंच्या तोंडून निघून गेलं. "तूस घाला की वाईच. आन् हात सपाट धरा, अवो, सपाट!"

दुसऱ्यांदा ते भिंतीला चिकटलं. त्याला ना गोल आकार होता ना चौकोनी. बोळ हसायला लागला. महिपतरावांचे डोळे भरून आले होते. हात शेणाने भरलेले असल्यामुळे ते पुसताही येईनात, याची त्यांना सर्वांत जास्त लाज वाटली.

व्हिटलॉकसाहेब उठले. त्यांनी भिंतीवरच्या त्या प्रकाराकडे पाहिलं आणि चौरंगावरच्या सुबक गोवरीकडे पाहिलं. "ज्याने भिंतीवरचं ते केलं त्याने हे केलं नाही," ते कारकुनाला म्हणाले. "आणि कुणी केलं हे मला जाणायचं नाही." मग त्यांनी बादशहांची गोवरी दोन हातांत धरून कुस्करली. राजद्रोहाचा पुरावा अंगणात भुसा होऊन पडला.

"पण मूळ वेष्टन कोठे आहे?" साहेबांनी विचारलं.

"कुटं म्हंजी?" बजाबाई पुढे आली. "त्येच्या कपाळावर हाय की. नागप्पाच्या बी हाय. समद्या गल्लीनं लावलंय. चांगल्या कामी लागलं."

साहेबांनी हे दोनदा समजावून घेतलं. मग त्यांनी खिशातून छोटी काचेची कुपी काढली, चाकू काढला, महिपतरावांना न हलता उभं राहायला सांगितलं आणि त्यांच्या कपाळावरची राख हलक्या हाताने खरवडून कुपीत भरली. महिपतराव हात पसरून, शेण टपकू देत, उभे राहिले. हलू नका म्हणून साहेबाने सांगितलं होतं, आणि साहेबाचं त्यांनी आजवर कधी मोडलं नव्हतं.

बेड्या पडल्या नाहीत. कारकुनाने अहवालात 'अर्जदाराची राजनिष्ठा तपासण्याजोगी' एवढंच लिहिलं. तेवढं रावसाहेबीला जन्मभर पुरलं. मोहरा वेष्टनावाचून कवडीमोलाच्या म्हणून साहेबांनी नाकारल्या, सरकारनेही परत केल्या, आणि रंभाबाईंनी त्यांची माळ करून घेतली. माळ बघायला गल्लीतल्या बायका येत, मोहरा उलटसुलट करून पाहत आणि वजनाचा अंदाज घेत.

एकदा गौरम्माची नजर फळीवर गेली. तिथे पितळी डब्यांच्या शेजारी एक वेडीवाकडी, सुकलेली गोवरी नीट उभी करून ठेवली होती. गौरम्मा म्हणाली, "पाणी तापवायला घेऊ का ती?"

"माळ पायजे तर घालून बघ," रंभाबाई म्हणाल्या. "तिला हात लावू नगं. ती आमच्या ह्यांनी थापलीया."